पराभवाचं चौथं कारण

'वाचनाचे महत्त्व' हा निबंध मी लिहिला तेव्हा मी एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. क्रमिक पुस्तकंसुद्धा नाहीत. त्यांच्यासाठी गाईड होतं. तो निबंध आमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकात लागला. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाचत राहा." मी मान हलवली. ती मान हलवल्याची मला अजून लाज वाटते. तशी मला कशाचीही वाटते. घरचे म्हणायचे, शेजाऱ्याची म्हैस आटली तरी या पोराला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

कॉलेज परभणीत होतं आणि मी झरीहून एसटीनं जायचो. ते दिवस नामांतराच्या वादाचे. कॉलेज कधी उघडं असेल याचा भरवसा नसायचा. मोर्चा असला की बंद, मोर्चाच्या विरोधात मोर्चा असला की बंद, आणि दोन्ही नसले तरी सर आले नाहीत म्हणून बंद. परभणीतली एकही भिंत कोरी राहिली नव्हती. विद्यापीठाचं नाव बदललं पाहिजे, बदलू देणार नाही, असं गेरूनं आणि डांबरानं एकमेकांवर लिहिलेलं असायचं. आमच्या घराण्याचं मत 'बदलू देणार नाही' असं होतं, म्हणून माझंही होतं. मी चौकात घोषणा दिल्या आहेत. घोषणेचं हेच बरं असतं की तिच्यासाठी काही वाचावं लागत नाही. वर्गात पलीकडच्या बाकांवर जी मुलं बसायची, त्यांच्यातल्या काहींच्या गावी या वादात घरं जळाली होती. ती मुलं आमच्याशी बोलत नसत आणि आम्हाला वाटायचं की ती गर्विष्ठ आहेत.

अशा गावात, अशा काळात आमच्या भित्तिपत्रकाचा पहिला नियम होता : वादग्रस्त लिहू नये. त्यामुळे बाहेरच्या भिंती लोक थांबून वाचायचे आणि आमच्या भिंतीसमोरून पाणी प्यायला जायचे. पाण्याची टाकी शेजारीच होती. भित्तिपत्रक काचेच्या पेटीत असायचं, पेटीला कुलूप आणि किल्ली माझ्याकडे, कारण मी संपादक. संपादक का, तर माझं अक्षर चांगलं होतं. आपल्याकडे अक्षर वळणदार असलं की विचारही वळणदार असतील असं लोक धरून चालतात. कोणाचंही लिखाण आलं तरी मी ते माझ्या अक्षरात उतरून काढायचो आणि पेटीत लावायचो. पहिल्या अंकानंतर कोणाचंच आलं नाही. दसरा जवळ आला तरी 'वाचनाचे महत्त्व' तिथंच होतं, उन्हानं पिवळं पडत चाललेलं.

आमच्या शिक्षणाची मुख्य पद्धत म्हणजे नोट्स. इतिहासाचे सर यायचे, खुर्चीत बसायचे, एक जुनी वही उघडायचे आणि सांगायला लागायचे. आम्ही लिहायचो. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नवीन परिच्छेद, सगळं सर सांगत. कॉलेज बंद राहिल्यामुळे अभ्यासक्रम मागे पडला की ते भरभर सांगत आणि आम्ही भरभर लिहीत असू. मध्येच कोणी "सर, जरा हळू" म्हटलं तर मागच्या बाकांवरची दोन-चार पोरं तेही वहीत लिहून घ्यायची. ती वही सरांची स्वतःची नव्हती, त्यांच्या सरांकडून त्यांनी उतरून घेतलेली होती. सरांचे सरही बहुधा कोणाचे तरी विद्यार्थी असणार. अशी ती परंपरा.

त्या वहीत पानिपतच्या पराभवाची कारणं होती. पहिलं कारण, शत्रूच्या उंटांवरच्या तोफा. दुसरं, रसद तुटली. तिसरं, उत्तरेत कोणी मित्र उरला नव्हता. पाचवं, फौजेबरोबर यात्रेकरू आणि बाजारबुणगे फार होते. सहावं, सरदारांतले मतभेद.

चौथ्या कारणाचं पान वाळवीनं खाल्लं होतं.

सरांनी हे कधी लपवलं नाही. ते प्रामाणिक गृहस्थ होते. "तिसरं झालं, आता पाचवं लिहा," असं सरळ सांगायचे. आणि यात कोणाचं काही अडत नव्हतं, हीच मौज आहे. कॉलेजच्या परीक्षेत पेपर तपासणारे तेच. आजूबाजूच्या कॉलेजांतले कित्येक प्राध्यापक त्यांचेच विद्यार्थी, त्यांच्याही वह्यांत एक, दोन, तीन, पाच, सहा. पिढ्याच्या पिढ्या तशा पास झाल्या, त्यांतले काही मास्तर झाले, आणि त्यांच्या वर्गातही पानिपतावर चार नंबरची जागा मोकळीच राहिली.

त्या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. मुलींच्या बाकावरून आवाज आला, "सर, चौथं कारण?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते परीक्षेला येत नाही."

"पर ते झालं तर असंल ना, सर?"

आमचे बाक हसले. सरही हसले. "झालं असेल. पण आलं नाही आजवर." आणि त्यांनी पाचवं कारण सांगायला घेतलं.

विचारणारी मुलगी माझ्याच बसनं यायची. झरीत तिचे मामा होते, त्यांच्याकडे राहून ती शिकत होती. आई-बाप जिंतूरच्या पलीकडे डोंगरातले. शेत खडकाळ, म्हणून दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. गावची भाची म्हणून ती मला बसमध्ये मोठ्यानं 'दादा' म्हणायची. ते माझ्यासाठी नसून मागच्या सीटवरच्या बायांसाठी होतं. एकदा दादा म्हटलं की मग पुढचं कोणी कान देऊन ऐकत नसे.

"दादा, तुमाला लायब्ररीतून पुस्तक मिळतंय म्हनं?"

मिळत होतं. संपादकाला एक पुस्तक घरी नेता यायचं. बाकीच्या विद्यार्थ्यांना कपाटाच्या काचेतून पुस्तकांच्या पाठी वाचता यायच्या. आमचे ग्रंथपाल वाईट नव्हते, घाबरट होते. पुस्तक हरवलं तर त्यांच्या पगारातून कापत, आणि पुस्तक कोणी वाचलं म्हणून त्यांचा पगार कधी वाढला नव्हता. कोणत्याही शहाण्या माणसानं अशा स्थितीत कुलूपच लावलं असतं.

"पानिपतावरचं काढा," ती म्हणाली. "जाड असंल ते."

"एवढ्यासाठी? परीक्षेला येत नाही ते."

"परीक्षेचं मला सांगू नका, दादा. परीक्षेचं मला तुमच्यापक्षा जास्त हाय."

मग तिनं जे सांगितलं ते सगळ्या बसला माहीत होतं, मलाच नव्हतं. दसऱ्याच्या आधी मामाकडे मुकादम येऊन गेला होता. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे एक नवरा-बायको. एकट्या माणसाला कोणी नेत नाही. मुकादमाच्या टोळीत एका पोराची जोडी जमत नव्हती. पोरगं चांगलं, निर्व्यसनी, आणि हिच्या आई-बापाच्या ओळखीतलं. मामा म्हणाले, पोरगी शिकायलीय, सत्र परीक्षेचा निकाल लागू द्या. पास झाली तर शिकंल. नापास झाली तर उगंच बस-भाडं घालण्यात काय मतलब? मुकादमानं मान डोलावली. त्याचे ट्रक दिवाळीनंतर निघणार होते आणि आमची परीक्षा आंदोलनामुळे पुढे ढकलत ढकलत नेमकी दिवाळीच्या तोंडावर आली होती.

"म्हंजे नापास झालीस तर?" मी विचारलं.

"तर अर्धा कोयता," ती म्हणाली आणि हसली. मला हसावं की नाही ते कळेना. मी गंभीर चेहरा करून बसलो. तो मला चांगला जमतो.

पुस्तक मिळालं. ग्रंथपालांनी ते दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "फार उघडू नका. शिवण सुटते." लाल कापडी बांधणीचं, उशीएवढं. त्या रात्री मी ते घरी नेलं आणि कर्तव्य म्हणून उघडलं. प्रस्तावनेत झोप लागली. सकाळी बसमध्ये तिच्या हवाली केलं. तिनं त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, कारण मामांना अभ्यासाचं पुस्तक आणि बिनाअभ्यासाचं पुस्तक जाडीवरून ओळखू यायचं.

नंतरचे काही दिवस ती बसमध्ये वाचत असायची. झरीचा रस्ता तेव्हा असा होता की माणसाला स्वतःचं नाव नीट सांगता येत नसे, दात आपटायचे. ती ओळीवर बोट ठेवून वाचायची. खड्डा आला की बोट उडायचं, मग परत ओळ शोधायची.

एके दिवशी तिनं मला घडी केलेला कागद दिला. "तुमच्या पेटीत लावा. नाव घालू नका. मामाला कळलं की मी भिंतीवर लिहायलेय, तर निकालाची वाट बघायचे न्हाईत."

कागदावर तिनं पुस्तक वाचताना काय झालं ते लिहिलं होतं. वाचनाचं महत्त्व वगैरे त्यात काही नव्हतं. लिहिलं होतं की पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही, फक्त सरदारांची नावं. मग रसद तुटल्याचं आलं तेव्हा ती थांबली. हजारो माणसं उपाशी, आणि चारी बाजूंनी गावं आहेत, शेतं आहेत. मग कोणी दाणा का दिला नाही? पुढे पुस्तकात सापडलं. त्या मुलखातून आपल्या फौजा आधीची कित्येक वर्षं वसुली करत फिरल्या होत्या, तिथली रयत आपल्याला कंटाळली होती. 'मला असं वाटतं,' तिनं लिहिलं होतं, 'की ज्याच्या उभ्या पिकातून घोडे गेले, तो आपल्याला भाकरी देणार नाही. आमच्या गावात कोणी दिली नसती. नोट्समधलं चौथं कारण हेच असावं. ते वाळवीनं खाल्लं, पण वाळवीला बाकीची पानंही होती.'

मी ते माझ्या वळणदार अक्षरात उतरवलं. शेवटचं वाक्य गाळावं असं वाटलं, पण मग वाटलं की गाळलं तर तिचा अपमान होईल, आणि ठेवलं तर सरांचा. बराच वेळ बसून शेवटी ठेवलं. ते धैर्य नव्हतं. गाळलं असतं तर कागदाची खालची बाजू रिकामी दिसली असती.

लेखाखाली मी 'वाचकांचे अभिप्राय' म्हणून जागा सोडली आणि पेटीचं दार उघडं ठेवून दोऱ्यानं एक पेन्सिल टांगली. ही कल्पना मात्र माझी होती. माझी मूळची अशी ती एकच. आता मी स्वतः शिकवतो. वरून सूचना आल्यामुळे मुलांना 'मी वाचलेले पुस्तक' या विषयावर ब्लॉग लिहायला लावतो, त्याला गुण असतात. सगळ्यांच्या ब्लॉगवर एकच मजकूर असतो, आणि त्याखाली सगळ्यांनी एकमेकांना 'खूप छान' म्हटलेलं असतं. त्या पेन्सिलीनं असं कधी केलं नाही.

पहिला अभिप्राय होता, 'हे परीक्षेला येणार का?' त्याखाली दुसऱ्या कोणाचं, 'नाही. निश्चिंत राहा.' मग 'वाळवीचा सत्कार करावा.' मग 'लेखक कोण?' दुपारपर्यंत टाकीपुढे पाण्याची रांग आणि पेटीपुढे वाचकांची रांग एक झाली. 'आमच्याकडे दुष्काळात फौज न येताही दाणा मिळाला नाही,' असं एकानं लिहिलं. 'घोड्यांना कुठून माहीत कोणाचं पीक?' असं एकानं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, जाड दाबून, 'हा आपल्या पूर्वजांचा अपमान आहे. लिहिणारा कोणाचा आहे ते आम्हाला माहीत आहे.'

त्या वर्षांत हे वाक्य कोणावर आहे ते सांगावं लागत नसे. जे काही आवडलं नाही, ते पलीकडच्या बाकांच्या खात्यावर.

इतिहासाचे सर वर्गावर आले तेव्हा त्यांच्या हातात वही नव्हती. मी त्यांना वहीशिवाय प्रथमच पाहिलं. त्यांचे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"पेटीत कोणी लिहिलं?"

मागून एकजण म्हणाला, "कोण असणार, सर. तिकडचे."

पलीकडच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला. उंच, शांत, वर्षभरात मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. "सर, आमच्यावर कायबी घाला. सवय हाय. पर पानिपतला आमी हरलो न्हाई. तेवढं तरी तुमचं तुमी ठिवा."

अलीकडचे बाक हसले. 'तिकडचे' म्हणणाराही. सर हसले नाहीत. आणि मला वाटलं की आता उभं राहिलं पाहिजे. ती नापास झाली तर काय होणार, ते मला माहीत होतं. सरांना राग आला तर पेपर तेच तपासणार होते. शिवाय अक्षर तर माझंच होतं. मी उभा राहिलो. खरं सांगायचं तर छान वाटत होतं.

"सर, ते मी लिहिलं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आधी आश्चर्यानं, मग दयेनं.

"तू?"

"हो, सर."

"पुस्तक वाचून?"

"हो."

"कोणाचं पुस्तक?"

मला बांधणी आठवत होती. "लाल, सर."

हसण्यानं खिडक्यांच्या काचा वाजल्या असं मला अजून वाटतं. पलीकडचे बाक आणि अलीकडचे बाक त्या वर्षात पहिल्यांदा एकत्र हसले, आणि तेवढं श्रेय मात्र कोणी माझ्याकडून काढून घेऊ नये. सर म्हणाले, "बस खाली. तुझ्यावर असला आळ कोणी घेणार नाही." वाचल्याचा आरोप स्वतःवर घेऊनही तो सिद्ध न झालेला माणूस मी आहे.

तेवढ्यात ती उभी राहिली. "सर, ते मपलं हाय. यांचं नुसतं अक्षर हाय."

आता कोणी हसलं नाही. सर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. "बरं," ते म्हणाले. "परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. पानिपत पक्कं आहे. कोणी काय लिहायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी नोट्स दिलेल्या आहेत."

त्या संध्याकाळी बसमध्ये ती पुस्तक न उघडता बसली होती. मी म्हणालो, "तू काय लिहिणार?" मामांच्या ओटीवर मुकादम पुन्हा येऊन चहा पिऊन गेला होता, तेवढं तिनं सांगितलं. पोराला दाखवायला पण आणलं होतं. "लाजाळू हाय," ती म्हणाली. "लाजाळू मानसाला ऊस तोडता येत न्हाई असं कुठं हाय?"

रात्री मला झोप आली नाही. मला खात्री वाटत होती की ती चौथं कारण लिहिणार. असं लिहिणारी मुलगी दुसरं काय लिहील? ती लिहिणार, सर शून्य देणार, आणि ट्रक निघणार. आणि मी, ज्याच्या अक्षरात ते लागलं, मी एक दोन तीन पाच सहा लिहून पास होणार? ते मला सहन होईना. मी ठरवलं की मीही चौथं कारण लिहायचं. वर्गात दोघांनी लिहिलं तर सरांना दोघांना नापास करणं जड जाईल, असंही एक गणित मनात होतं. पण मुख्य म्हणजे मला स्वतःबद्दल चांगलं वाटायचं होतं. तिला विचारावं असं मात्र सुचलं नाही. त्याग करताना विचारलं तर त्याची मजा जाते.

परीक्षेला ती माझ्या पुढच्या बाकावर होती. प्रश्न आला. मी चौथं कारण असं लिहिलं की तसं त्या पेटीतही नव्हतं. रयतेचे तळतळाट, घोड्यांच्या टापा, मातीचे अश्रू. पुस्तक वाचलेलं नव्हतं, त्यामुळे तपशील आड आले नाहीत. लिहिता लिहिता डोळे भरून आले.

निकाल पेटीतच लागला. त्यासाठी आधीचा कागद काढला होता. इतिहासात ती पहिली होती. मी नापास होतो.

सरांनी तिचा पेपर वर्गात दाखवला. "याला म्हणतात उत्तर. एक, दोन, तीन, पाच, सहा. शब्दन्‌शब्द. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. नोट्स पाठ केल्या की असं होतं." मग तिच्याकडे पाहून, जरा मऊ आवाजात, "शहाणपण कधी दाखवायचं ते ज्याला कळतं, तो शिकला."

"हो, सर," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, राग नाही, लाज नाही. बाजारात भाव ठरल्यावर माणूस जसं 'बरं' म्हणतो तसं.

माझा पेपरही दाखवला. सरांनी शेजारी लाल शाईनं लिहिलं होतं, 'कोठून आणले?'

नापास झालेल्यांनी पालकांना घेऊन यायचं असा नियम होता. माझे वडील आले. धुवट धोतर, टोपी, हातात छत्री. प्राचार्यांनी उठून खुर्ची दिली, कारण संस्थेतले एक संचालक आमचे सोयरे लागत. चहा आला. वडील म्हणाले, "पोरगं जरा जास्त शहाणं झालंय." प्राचार्य म्हणाले, "या वयात होतं." पाऊसपाणी, कापूस, कोणाच्या घरचं लग्न, असं बोलणं झालं आणि विषय संपला. मी दाराशी उभा होतो. ती नापास झाली असती तर तिचे मामा याच दाराशी उभे राहिले असते आणि कोणी त्यांना आत बोलावलं नसतं. माझ्या नापास होण्याची किंमत एक चहा होती. ते मला तिथं उभं राहून कळलं, आणि चहाही वडिलांनी पूर्ण घेतला नाही, साखर कमी म्हणून.

जाताना प्राचार्य मला म्हणाले, "पेटीची किल्ली ठेवून जा. नापास विद्यार्थी संपादक राहू शकत नाही. नियम आहे."

बसमध्ये ती आनंदात होती. मामांनी मुकादमाला निरोप धाडला होता, पोरगी पहिली आली, दुसरी जोडी बघा. तिनं लाल पुस्तक पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे झालं. याच्यात आनखी एका पुस्तकाचं लिहिलंय. ते काढा आता, दादा."

मी सांगितलं. किल्ली गेली, संपादकपद गेलं, त्याबरोबर पुस्तकही.

"तुमी नापास कशात झालात?"

"इतिहासात."

"कामून?"

"मी चौथं कारण लिहिलं. म्हटलं, तू लिहिणार."

"मी कामून लिहू?" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की मागच्या बाया गप्प झाल्या. "माझ्या मागं ट्रक उभा हाय! चौथं कारण मला ठावं हाय, ते काय पळून चाललंय का? परीक्षेत न्हाई लिव्हलं म्हनून ते झालंच न्हाई का?"

"तुला एकटं पडू द्यायचं नव्हतं."

"एकटं!" तिनं कपाळाला हात लावला. "अहो दादा, मला तुमच्याकडून एकच गोष्ट पायजे होती. कपाटातलं पुस्तक. तेवढंच तुमी घालवलं बगा. नापास व्हायच्या आधी एकदा इचारायचं तरी!"

मागून एक म्हातारी म्हणाली, "काय झालं वं, बाई?"

"काय न्हाई, मावशी. दादा शहीद झाले."

त्यानंतर तीन-चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग कळलं, ती सरांकडे गेली होती. "सर, पाचवं कारण नीट समजलं न्हाई, त्याच्यावर एखादं पुस्तक हाय का?" असं विचारलं. नोट्समधल्या कारणाबद्दल सरांना उभ्या नोकरीत कोणी असं विचारलं नसावं. त्यांनी रविवारी घरी बोलावलं. सरांच्या बायकोनं पलंगाखालची ट्रंक ओढून दिली. कॉलेजच्या शिक्क्यांची पुस्तकं, वर्षानुवर्षं प्राध्यापकांच्या नावावर निघालेली, कोणी न उघडलेली. "लय हायत," ती मला म्हणाली. बोलायला लागली होती. "पानं चिकटलेली हायत. चाकूनं सोडवावी लागतेत. सर म्हनले, एक वाच, परत आन, दुसरं ने."

"चौथ्या कारणाचं सरांना काही बोललीस?"

"त्यांनी इचारलं तर सांगन."

दिवाळी होऊन गेली होती. आमची बस झरीकडे चालली होती आणि समोरून, जिंतूरकडून, ऊसतोडीचे ट्रक येत होते. वर भांडी, गाठोडी, शेळ्या, त्यांच्यामध्ये माणसं, आणि पुढच्या फळीला खोचलेले कोयते. तिचे आई-बाप आदल्या आठवड्यात असेच गेले होते. एका ट्रकला वाट द्यायला आमची बस रस्त्याखाली उतरून थांबली. ट्रकमधून एक नवी नवरी, हळद अजून न उतरलेली, आमच्या खिडक्यांकडे पाहत होती. तिच्या शेजारी एक लाजाळू पोरगा शेळीची दोरी धरून बसला होता.

माझ्या शेजारणीनं मान वर केली. ट्रक पूर्ण जाईपर्यंत पाहिलं. मग बस रस्त्यावर चढली आणि ती बोट ठेवलेल्या ओळीवर परत आली. मी मात्र ट्रक दिसेनासा होईपर्यंत मागे बघत राहिलो. माझ्या हातात दुसरं काही नव्हतं.